मागच्या चाकावरचं वजन

जाड माणूस सायकल घ्यायला आला की दुकानदार आधी त्याच्या पोटाकडे बघतो आणि मग उगाचच छताकडे. बेरशेबाच्या त्या दुकानातला रुमानियाचा म्हातारा माझ्या पोटाकडेच बघत राहिला, म्हणून मी तिथे थांबलो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी डिमोनाच्या कापडगिरणीत कामाला होतो, वजन शंभर किलोच्या पुढे आणि वय बेचाळीसला टेकलेलं. माझे वडीलही बेचाळिशीतच गेले, आम्ही ज्यू मंडळी कोकण सोडून इकडे येण्याआधी, तिथल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसल्या बसल्या. अंगाने ते माझ्याएवढेच होते. कुपात होलिम या कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने माझी छाती तपासून सांगितलं, सायकल चालव, पण सपाटीवर. चढ चढलास तर जबाबदारी माझी नाही. तेव्हापासून मी नुसता खोकलो तरी आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत बसायची. मला त्याचा भयंकर राग यायचा, कारण भीती मलाही वाटत होतीच.

मला हवी होती खाली वळलेल्या हँडलची, शर्यतीची सायकल. जाड माणसाला हौस नसते असं कोण म्हणतं? काचेत एक निळी, झकपक उभी होती. म्हाताऱ्याने तिच्या मागच्या चाकाच्या तारा चिमटीत धरून दाबल्या आणि मान हलवली. इतक्या कमी तारा, इतका बारीक टायर, तू बसलास की महिन्याभरात चाकाचा पापड होईल, अशा अर्थाचं तो हिब्रूत म्हणाला. मग आतून त्याने दुसरी ढकलत आणली. हँडल तसंच वळलेलं, पण सांगाडा जाड पोलादी, टायर रुंद, बसायला चामड्याची सीट, मागे कॅरियर. मागच्या चाकाला दोघांच्या सायकलीला लावतात तशा दाट तारा होत्या.

"मागे आणखी एक माणूस बसवलास तरी हे चाक वाकणार नाही," तो म्हणाला.

"कुणाची होती?"

"तुझ्याहून जाड होता. आता चालवत नाही."

मी सीटवर बसलो. चामड्यात त्या माणसाच्या बसण्याचे दोन खळगे पडले होते आणि मी त्यात अगदी बरोबर बसलो. अंगावर काटा आला. पण पाय पॅडलवर असे पडले की मला उतरवेना.

सायकल घरी आणली तेव्हा आईने सीटवरून हात फिरवला आणि पटकन मागे घेतला. कॅरियर बघून मात्र हसली.

"तुज्या बाबांना अख्ख्या गावात कोनी डबलसीट घेतला नाय. चाक बसंल म्हनायचे. बाजाराला चालत जायचे बिचारे." मग हसू आवरून म्हणाली, "पन सण होऊ दे. शिळा सण उलटला की मग बस हिच्यावर."

योम किप्पूरला, ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवसाला, आमची म्हातारी माणसं दारफळणीचा सण म्हणतात. दारं लावून उपास करायचा. त्या सुमाराला घरचे गेलेले लोक घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आपल्या वाटेने परत जातात, असं आई मानायची. तेव्हा त्या दिवशी कुणी विनाकारण रस्त्यावर जाऊ नये. जाणारा एकटा असतो, सोबत शोधतो.

उपासाच्या दुपारी मी प्रार्थनेहून येऊन पडलो होतो. गावात एकही गाडी चालत नव्हती. खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या, घरात काळोख. गॅलरीत सायकल होती. तिकडून चामडं करकरलं, कुणी जड माणूस हळूच टेकल्यासारखं. उन्हाने चामडं तडतडतं, मी स्वतःला समजावलं. पलीकडच्या कॉटवर आई जागी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

शिळ्या सणाच्या सकाळी मी हट्टाने सायकल काढली. आई अजून झोपलेली होती.

मृत समुद्राकडे जाणारा रस्ता आधी सपाट आहे, मग एका वळणावरून खोल खाली उतरतो. वळणापर्यंत जाऊन परतायचं ठरवलं होतं. पण घर सोडल्यापासून मागचं चाक कुरकुरत होतं. वाकून पाहिलं तर टायर जमिनीला दबलेला, हवा तर मी स्वतः भरली होती. मागे बघायचं धाडस होईना. वळण जवळ आलं तशी सायकल आपणहून धावायला लागली. दोन्ही ब्रेक आवळले, ती थांबेना. खाली गेलो असतो तर हे शरीर घेऊन तो चढ मी पुन्हा चढलो नसतो, हे मला लख्ख कळत होतं. मी मोठ्याने ओरडलो, "मला घरी जायचंय!"

मागचं ओझं उतरलं. तसंच वाटलं, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. सायकल वळणाच्या काठावर थांबली आणि कॅरियर एकदाच खडखडला. रस्त्यावर मी एकटाच होतो. परत येताना चाकाचा आवाज आला नाही.

आई दारातच उभी होती. माझ्याकडे न बघता तिने वाकून मागचा टायर दाबून पाहिला. तो टणक होता.

"कुठवर सोडलास तुज्या बाबांना?"

मी काही सांगितलं नव्हतं. "वळणापर्यंत," मी म्हणालो. "तिथे उतरले."

"एकटेच गेले ना?"

"एकटेच."

तेव्हा ती दारातून बाजूला झाली आणि माझा हात धरून मला आत घेतलं.