चव न घेणारे आप्पा

पातेल्याचं झाकण दोन बोटं उचलायचं, उजव्या हातानं वाफ नाकाकडे ओढायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "झालं." आप्पांची भाजी झाली की नाही हे असं ठरायचं. थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाटून बघणारे आचारी तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिलेत. आप्पांनी मात्र कामावर रांधलेलं कधी जिभेला लावलं नाही.

ते दौंडच्या रनिंग रूममध्ये आचारी होते. सोलापूर-मनमाडकडून गाड्या घेऊन येणारे ड्रायव्हर आणि गार्ड तिथे विसावा घेत. प्रत्येकजण घरून आपापला शिधा पिशवीत बांधून आणी आणि आप्पा तो ज्याचा त्याला वेगळा शिजवून देत. मी शेजारच्या ऑफिसात, कुणाला कोणती गाडी द्यायची याचा तक्ता भरणारा कारकून. रेल्वे कॉलनीतही आमच्या दोघांत एक भिंत तेवढी होती. त्यामुळे कामावरचे आप्पा आणि घरचे आप्पा असे दोन्ही मला पाहायला मिळाले.

"आप्पा, जरा चख तो लो," एखादा हिंदी बोलणारा ड्रायव्हर म्हणायचा.

"चखने का काम तुम्हारा," आप्पा म्हणायचे. मला त्यांनी एकदा कारण सांगितलं होतं. "शिधा त्याचा. त्याच्या घरच्या माणसानं बांधून दिल्याला. म्या त्यातला घास कसा खावा?"

नाक मात्र असं की विचारू नका. एकदा एका गार्डची डाळ शिजत असताना झाकण उचलून म्हणाले, "डाळ जुनी हाय. मंडळी म्हायेरी गेलीत जणू?" गार्डानं गुपचूप मान डोलावली. तो पंधरा दिवस हाताला येईल ते पिशवीत भरून आणत होता.

एकदा त्यांच्या हातून एका ड्रायव्हरचा भात तळाला करपला. वरचा चांगला भात काढून दिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण आप्पा पातेलं घेऊन स्वतः त्याच्या खाटेपाशी गेले, "भात माझ्याकडनं करपला," म्हणाले आणि घरचे तांदूळ आणून दुसरा करून दिला. एवढं करायची काय गरज होती, असं मी म्हणालो, तर आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

रुसण्यातही माणूस पक्का होता. माझ्यावरचा रुसवा आठ दिवसांचा, मुलीवरचा आठ वर्षांचा. सुमन पुण्याला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथे दुसऱ्या जातीतल्या मुलाशी तिनं लग्न केलं. आप्पांचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. आज्यापर्यंत मेंढरं राखणारं घराणं, भावकी मोठी. भावकीनं तोंड फिरवलं आणि भावकीबरोबर आप्पांनीही. आप्पांची बायको गेली तेव्हा सुमन आली, तीन दिवस राहिली. तिनं केलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. आमच्याकडे येऊन प्यायले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आठवलं की येतो.

पण त्याच तीन दिवसांत सुमनची सहा वर्षांची मनू आजोबांना चिकटली ती चिकटलीच. पुढच्या मे महिन्यात ती आठवडाभर राहायला आली. पुणे स्टेशनवरून तिला घेऊन यायचं आणि परत पोचवायचं काम माझ्याकडे होतं. सुमननं तिच्याबरोबर मैदा, साखर, लोणी आणि चॉकलेटची मोठी वडी पाठवली होती. लोणी आणि चॉकलेट आमच्या फ्रिजमध्ये राहिलं. परत जायच्या आदल्या दुपारी मनूनं ते सगळं आजोबांपुढे मांडलं.

"आई म्हणाली, आजोबांच्या हातच्या चॉकलेट चिप कुकीज घेऊन ये."

आप्पांनी सामान न्याहाळलं. "म्हंजी नानकटाईच की."

"नाही हो आजोबा. नानकटाईत चॉकलेट कुठं असतं?" तिनं घडी घातलेला कागद काढला. "आईनं सगळं लिहून दिलंय. वाचू?"

"कागद ऱ्हाऊ दे. पीठ मला कळतं."

ओव्हन आमच्या कॉलनीत कुणाकडेच नव्हता. आप्पांनी मोठ्या पातेल्यात भीमेची धुतलेली वाळू घातली आणि ते स्टोव्हवर तापत ठेवलं. मनूनं चॉकलेटचे सुरीनं तुकडे केले, पाच परातीत तर एक तोंडात. आप्पा लोणी-साखर फेसत होते. मैदा मिसळताना त्यांचा हात सवयीनं मिठाच्या बरणीकडे गेला. हे मी पाहिलं, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गोळे मांडलेली ताटली वाळूवर ठेवून झाकण घातलं आणि दोन मिनिटांत आप्पांनी ते उचललं. वाफ ओढली, परत ठेवलं. पुन्हा उचललं. गरम हवा निघून जात होती आणि गोळे होते तसेच कच्चे.

"सारखं उघडायचं नाही," मनू म्हणाली आणि विचारल्यावाचून कागद वाचायला लागली. "वीस मिनिटं ठेवावं. आप्पांना म्हणावं, झाकण सारखं उचलू नका."

आप्पांचा हात थांबला. "असं लिवलंय?"

"हो. हे बघा, आप्पांना."

त्यांनी कागद हातात घेतला आणि त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. लेकीनं आठ वर्षांत त्यांना लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी घरून गजराचं घड्याळ आणून दिलं. आप्पा हात मांडीवर ठेवून त्याच्यासमोर बसले.

मनूनं राहिलेली ओळ वाचली. "लोणी खारट आहे. वेगळं मीठ घालू नये."

वीस मिनिटांनी ताटली निघाली. कुकीज तांबूस, जरा वाकड्या, पण दिसायला झकास. आप्पांनी वाकून वास घेतला, डोळे मिटले. नेहमीचं "झालं" काही आलं नाही. "मिठाचं वासावरनं न्हाई कळत ह्यात," ते हळूच म्हणाले.

कळायचा एकच मार्ग होता. मैदा सुमनच्या घरचा, साखर तिच्या घरची, सगळंच तिच्या घरचं. मनूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं एक कुकी उचलून त्यांच्यापुढे धरली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, कुकीचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. किती तरी वेळ ते चावत होते.

"खारट हाय," ते म्हणाले. डोळ्यांत आलेलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मनूनं मात्र दोन खाल्ल्या आणि छान आहेत म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कुकीजचा डबा घेऊन आम्हाला पुण्याच्या शटलवर सोडायला आले. मनूनं खिडकीतून विचारलं, "आजोबा, खारट झाल्या ते आईला मी सांगू का?"

सिग्नल पडला तसे आप्पा डबा घेऊन गाडीत चढले आणि आमच्यासमोर येऊन बसले. "शिधा तिचा, बिघडला माझ्या हातनं," ते मला म्हणाले. "म्यांच सांगितलं पायजे."

पुणे स्टेशनवर सुमन पुलाखाली उभी होती. मनू धावत गेली. मागून आप्पा येताना दिसले तशी सुमन जागच्या जागी थिजली. आप्पांनी डबा पुढे केला.

"मीठ दोनदा पडलं. माझी चूक."

सुमननं तिथेच झाकण काढलं आणि एक कुकी खाल्ली. "कागद आधी वाचला नाहीत ना, आप्पा?"

"न्हाई वाचला."

"घरी चला. पुन्हा करू."

आप्पा माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, माझी दोन दिवसांची रजा टाकाल का?"

मी चार दिवसांची टाकली. दुसऱ्या दिवशी रनिंग रूममध्ये बदलीचा आचारी चमच्यानं सगळ्यांच्या भाज्या चाखत होता आणि जुने ड्रायव्हर त्याच्याकडे रागानं बघत होते. त्यातले काही पंधरा वर्षं आप्पांच्या हातचं जेवलेले. बायको गेल्यावर, घरात कोण आहे असं विचारलं की आप्पा त्यांना "कुणी न्हाई" म्हणायचे.

"आप्पा कुठं गेले?" एकानं विचारलं.

मी म्हणालो, "लेकीकडं गेलेत."