भिंतींचा घाम

गोरेगाव या खेड्यात जनकाबाईंच्या स्लॅबच्या घरात पावसाळाभर भिंतींना घाम फुटायचा, कोपरे काळे पडायचे आणि त्यांचा खोकला थांबत नसे. २००६ साली पुण्यात नोकरीला असलेला मुलगा रत्नपाल हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र घेऊन आला.

"माय, हा शेवटचा उपाय. महिन्याभरात भिंत वाळली न्हाई तर घराला कुलूप लावायचं अन् तू पुण्याला चल."

"ह्या घरासाठी म्या सोता घमेली वाहिली. कुलूप लावायला मी मेले का?"

यंत्र चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागत. पण गोरेगावात दिवसा दार लावणं म्हणजे माणसं तोडणं. दोनच दिवसांत शेजारच्या शकुबाईंनी कडी वाजवली.

"काहून वं जनकाबाय, लेकाच्या नोकरीचा माज आला का?"

"माज न्हाई, भिंत वाळवून राहिले. दार ओलीला बंद हाय, तुला न्हाई. बस इथं."

जनकाबाईंनी दाराबाहेर पत्र्याखाली बाजच टाकली. वीज असेल तेवढा वेळ त्या तिथं बसत. कुणी हसलं, की यंत्रात साचलेलं पाणी त्याच्यासमोर बादलीत ओतत. "हे माझ्या छातीत जात व्हतं. हसा आता!"

महिन्यानं रत्नपाल आला तेव्हा बाहेर पावसाची झड लागली होती. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. हात कोरडा होता. तरी तो म्हणाला, "पण माय, तू एकटी किती दिवस राहशील?"

"भिंतीचं बोलणं झालं व्हतं, माझं न्हाई," जनकाबाई म्हणाल्या. "पुण्याचं तिकीट एकच काढ."