एका तारेवरचे दोन हात

गणूदादाला शेवटचं भेटलो त्या दुपारी त्याची वाचा गेली होती. फक्त उजव्या हाताचं बोट खाटेच्या लाकडावर वाजत होतं. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्हीही तार शिकलात ना? काय म्हणताहेत बघा." शिकलो होतो खरा... तीन महिने. मग साहेबानं हात टेकले आणि मला मालधक्क्यावर धाडलं.

माझा हा चुलतभाऊ कल्याण स्टेशनात तारमास्तर. ठाण्यापासून खडवलीपर्यंतची स्टेशनं एकाच तारेवर. दोघांनी एकदम कळ दाबली की यंत्रात नुसता खडखडाट. नियम असा, की दोघांना थांबवायचं आणि एकेकाला पुन्हा पाठवायला सांगायचं. दादा थांबवत नसे. तो प्रत्येकाचा हात, म्हणजे कळ दाबायची ढब, ओळखी आणि दोन संदेश दोन कागदांवर वेगळे उतरवी. "घरात चार जावा एकदम बोलतात, तेव्हा कोण काय म्हणते ते कळतंच ना रे?" तो मला विचारी. मला तर एकटी बायको बोलली तरी कळत नसे.

खडवलीचा तारमास्तर फ्रान्सू, ठाण्याकडचा किरिस्ताव, त्याचा जिवलग. एका सकाळी दोन संदेश एकमेकांवर चढले. त्यातला एक हात फ्रान्सूचा; जड, शेवटी रेंगाळणारा. 'आई जाते आहे. पेद्रूला पाठव.' स्टेशनाचं नाव दुसऱ्या संदेशाखाली बुडालेलं. पण हात फ्रान्सूचा म्हणजे खडवली, त्यात विचारायचं काय? पेद्रू हा फ्रान्सूचा धाकटा भाऊ, कल्याणच्या इंजिनशेडमध्ये कामाला. दादानं त्याला स्वतः खडवलीच्या गाडीत बसवून दिलं. फ्रान्सू मात्र आदल्या दिवशीच आईला घेऊन ठाण्याच्या डॉक्टरकडे गेला होता, आणि तार त्यानं ठाण्याच्या यंत्रावर बसून स्वतः केली होती.

दुसऱ्या दिवशी पेद्रू आला. "मास्तर, आय माझं नाव घेत गेली. मी उलट्या गाडीत बसलेलो." शिवी दिली असती तर बरं झालं असतं...

तेव्हापासून दादा सगळ्यांना सगळं पुन्हा विचारू लागला. तारेवर, घरात, भाजीवालीलासुद्धा. वहिनीला "जेवायला चला" दोनदा म्हणावं लागे. आम्ही हसायचो, सर्वांत मोठ्यानं मी.

त्या दुपारी मी खाटेला कान लावला. बऱ्याच वेळानं ठोके जुळले. 'पुन्हा पाठव.' मग तो थांबे, कान देई, आणि पुन्हा तेच. वहिनीला मी सांगितलं, पाणी मागतोय. तिकडून कुणी उत्तर देत होतं का, हे ओळखण्याइतका माझा कान कधीच नव्हता.

दादा जाऊन महिना उलटला. ती खाट आता माझ्याकडे आहे. कडेच्या लाकडावर बोटाएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. दुपारी कूस बदलताना मी तिथे हात टेकत नाही.