बाटली अंगाशी धरून आणा

लॅबमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण दुपारी जेवून जरा आडवा झालो की डोळ्यांसमोर अजून बाटल्या येतात. छोट्या, रुंद तोंडाच्या, पांढऱ्या झाकणाच्या. अख्ख्या बुऱ्हाणपुरात एवढ्या बाटल्या दुसऱ्या कोणाच्या स्वप्नात येत नसतील! प्रत्येक बाटलीमागून एक माणूस येतो, लाजत, इकडेतिकडे बघत. किस्से असे साठतात बघा. तेव्हा ते सांगायची सोयच नव्हती ना!

घरोघरी केबल नवीन आली होती, चौकाचौकात एसटीडी बूथ निघाले होते, तेव्हाच्या या गोष्टी. पण पुरुषाची तपासणी म्हटलं की सगळ्यांचे आवाज खाली. आमच्या लॅबमध्ये वेगळी खोली कुठली असायला? म्हणून वीर्याचा नमुना घरीच घ्यायचा. मी प्रत्येकाला पढवायचो, "तासाभरात पोचवा, आणि बाटली अंगाशी धरून आणा. थंडी लागू द्यायची नाही." एवढं साधं! पण साधं सांगितलं की माणूस स्वतःचं डोकं चालवतोच.

धूलकोटचा एक शेतकरी. गाव लांब, म्हणून गडी आदल्या दिवशीच इथे साडूकडे मुक्कामाला. सकाळी आला तो काखेत हे एवढं गाठोडं घेऊन! सोडतोय, सोडतोय, आतून नुसता कापूस निघतोय. शेवटी तळाशी बाटली, छान कोमट.

"थंडी लागू दिली नाही भाऊ. घरचाच कापूस आहे!"

दिवसभर पंख्याखाली कापूस तरंगत होता आणि मी त्यात बसून स्लाइडी बघत होतो. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

एका बँकेतल्या क्लार्कने तर बाटली थर्मासात घालून आणली. आत वाफाळतं पाणी! स्लाइडवर सगळं सामसूम.

"अहो साहेब, शिजवून आणलंत की!"

तो बिचारा कानापर्यंत लाल. म्हणाला, "मिसेसने भरून दिलं. ती म्हणाली, कोमटाचा काय भरोसा?"

तिसरा एक बाटली शर्टात घालून नीट निघाला होता. वाटेत जिलेबीच्या दुकानाशी काका भेटले. काकांनी दंड धरून बसवलं, मावा जिलेबी खायला घातली, गावभरच्या चौकशा केल्या. हा दोन तासांनी लॅबमध्ये! एका हातात बाटली, दुसऱ्या हातात जिलेबीचा पुडा. पुडा माझ्यापुढे सरकवून म्हणतो, "थोडा लेट झाला. रिपोर्टमध्ये जरा अ‍ॅडजस्ट करा ना!"

जिलेबी खाल्ली. रिपोर्ट काही दिला नाही, दुसऱ्यांदा बोलावलं.

सिंधीपुऱ्यातले एक शाळामास्तर होते. त्यांचा नमुना चांगला निघाला तेव्हा हळूच म्हणाले, "मी बघू का एकदा?" मी स्टूल दिलं. मायक्रोस्कोपखाली गोल उजेड असतो, आणि त्या उजेडात इवले इवले जीव सळसळत असतात, डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लांसारखे. मी रोज बघायचो, तरी रोज माझी तंद्री लागायची. मास्तरांचीही लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"सर, झालं का?"

"थांबा हो, हजेरी घेतोय!"

आणि मग शाहपूरची ती म्हातारी.

केळीवाल्यांचं घर. मुलाच्या लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. सुनेच्या सगळ्या तपासण्या झालेल्या, दोष काही सापडला नव्हता, तरी बोल तिलाच. मुलासाठी दुसरी मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. डॉक्टर अडून बसले, आधी नवऱ्याची तपासणी करा. मुलाला यायची लाज, म्हणून सासूच आली. बाटली कमरेला, लुगड्यात खोचलेली. मागे सून, डोक्यावर ट्रंक.

"माझ्या लेकात खोट नाही, तेवढा कागद दे भाऊ. हिला इथूनच माहेरच्या गाडीत बसवते."

सून बाहेर बाकावर बसली, ट्रंक मांडीशी धरून. रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं मला वाटलं.

मी स्लाइड लावली. दुसरी लावली. तिसरी लावली. नुसता गोल उजेड.

"मावशी, यात एकही नाही."

"असं कसं? मला दाखव."

असं दाखवायचं नसतं. पण मी स्टूल दिलं. तिने चष्मा काढला, एक डोळा तळहाताने झाकला आणि वाकली. पंखा फिरत होता. किती वेळ गेला, देव जाणे.

"काही दिसत नाही रे भाऊ. काच पूस."

मी काच पुसली.

"अजून पूस."

"काच साफ आहे, मावशी."

थोड्या दिवसांनी पुन्हा तपासू, डॉक्टर औषध सांगतील, असं मी बोलत राहिलो. तिचं लक्ष नव्हतं. ती उठली, पदर सारखा केला, बाहेर गेली. सुनेने ट्रंक उचलायला हात घातला. म्हातारीने तो हात बाजूला केला आणि ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"कागद मिळाला का, आत्याबाई?"

"मिळाला. चाल घरी, केळीला पाणी सोडायचं राहिलंय."