भर लावणीत व्हिएतनाम

भात लावायच्या दिवसांत घरातलं माणूस तापानं फणफणलं तरी त्याला बांधावर बसवून रोपाच्या जुड्या बांधायला लावतात, असा आमच्या खानापूर तालुक्याचा रिवाज आहे. अशा ऐन लावणीत मी व्हिएतनामला निघाले, तीही एकटी. घरात काय झालं ते मी सांगितलं तर भावाला राग येईल, म्हणून सांगतेच.

मी बेळगावात एका वकिलांच्या कचेरीत टायपिंग करते आणि पिरनवाडीत भाऊ-भावजयीजवळ राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे मला स्वतःचं काही काम असू शकतं यावर घरात कोणाचा विश्वास नाही. शेत गुंजीजवळ. दरवर्षी निम्मी रजा भात लावण्यात जाते आणि निम्मी सगळ्या घराबरोबर देवदर्शनाला. देवदर्शनात पोरांच्या उलट्यांच्या पिशव्या धरायचं खातं माझ्याकडे असतं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर वाटलं, आपल्या रजेवर एकदा तरी आपण जावं. स्वस्तातलं तिकीट नेमकं लावणीच्या दिवसांतलं मिळालं. दुसऱ्या दिवसांतलं मी शोधलंच नाही, हेही खरं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तिकिटाचं कळल्यावर तो चिडलाच. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “जा. पण ध्यानात ठेव. तिथं एकदा जरी कुणी आपलं मानूस तुला सांभाळाय लागलं, तर परत एकटीनं भाईर जायचं नाव काढायचं न्हाय. गुमान आमच्याबरोबर देवाला यायचं.”

“आनि न्हाय लागलं तर?”

“तर जा कुठं जायचं तिकडं. मी इचारनार न्हाय.”

त्यातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. तेवढंच धरून मी बेंगळुरूला गेले आणि विमानात बसले.

हनोईच्या विमानतळावर रांग पुढे सरकली आणि काचेमागे गणवेशातला अधिकारी दिसला. आता, आम्हा बेळगावच्या माणसांची जीभ समोरचा बघून वळते. घरात मराठी, बाजारात जमेल ते, आणि टेबलापलीकडे सरकारी माणूस बसला की कन्नड. पासपोर्ट पुढे करून मी नम्रपणे म्हणाले, “नमस्कार सर, बेळगाविंद बंदीन्रि” (बेळगावहून आलेय). अधिकाऱ्यानं एकदा माझ्याकडे, एकदा फोटोकडे बघितलं आणि शिक्का मारला. खानापूरच्या कचेरीतही इतक्या लवकर माझं काम कधी झालेलं नाही.

मागून मात्र खो खो हसू आलं. “आक्का, हितं कन्नड चालत न्हाय वं!”

कपाळाला अष्टगंध, पांढरा सदरा, पोट पुढे. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी होते. बायको आणि ट्रिपवाल्यांची अख्खी बस बरोबर, शिवाय स्वतःचा आचारी. सगळे त्यांना आप्पा म्हणत.

“आमी निप्पाणीचं,” आप्पा म्हणाले. “तुमी कुटल्या?”

आमच्या भागात हा प्रश्न साधा नसतो. ‘कुठल्या’च्या पाठोपाठ ‘कुणाच्या’ येतो आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. नातं निघालं की फोन, आणि फोन म्हणजे अण्णा.

“विजापूरच्या,” मी म्हणाले.

“एकट्याच? चला की आमच्याबरोबर. आमटी-भात हाय.”

आमटीचं नाव काढल्यावर भूक लागली, पण मी पाय उचलला.

जुन्या हनोईत रस्ता ओलांडणं म्हणजे स्कूटरींच्या लोंढ्यात पाऊल टाकायचं आणि थांबायचं नाही. स्कूटरवालेच तुम्हाला वळसा घालतात. बेळगावच्या बाजारात वाढलेल्या बाईला हे पहिल्या फेरीत जमलं. जमलं नाही ते बसणं. तिथे फुटपाथवर पोरांच्या शाळेत असतात तसल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवतात. मी बसले, फो (तांदळाच्या शेवयांचा गरम रस्सा) चापून खाल्ला आणि उठले, तर स्टूलही माझ्याबरोबर उठलं. मालकीणबाईंनी ते दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि मग आम्ही दोघी पोट धरून हसलो.

संध्याकाळी हॉटेलची गल्ली सापडेना. एकच सुक्या मासळीचं दुकान पुन्हा पुन्हा समोर येत होतं. तेवढ्यात अण्णाचा फोन.

“काय करालीस?”

“मासळीबाजार बघतेय. लई मोठा हाय.”

फोन ठेवला. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण हाताला धरून न्यायला कोणी नाही, म्हणून चालत राहिले आणि शेवटी गल्ली सापडली. त्या रात्री मला जी झोप लागली, तसली घरी कधी लागत नाही.

पुढे निन्ह बिन्हला गेले. तिथे पाण्यातून उभे डोंगर आणि मधून भातखाचरं. होडीवाल्या बाया टेकून बसतात आणि पायांनी वल्ही मारतात. माझ्या होडीवालीनं पायानं वल्हवत वल्हवत मोबाईलवर भांडणही उरकलं. किनाऱ्यावर एक मुलगी पाहुण्यांना हाका मारत होती. पैसे भरा, नॉन ला (पानांची टोकदार टोपी) घाला आणि एक दिवस शेतकरी व्हा. कशाला उतरले, मला अजून सांगता येत नाही. ज्या कामापासून पळून समुद्रापार आले, त्याच कामाचे मी पैसे भरले.

गोऱ्या पाहुण्यांचं रोप लावणं बघवत नव्हतं. कोण रोप उलटं रोवतोय, कोण चिखलात बसकण मारतोय. मी पदर नसल्यानं ओढणी खोचली, डाव्या हातात जुडी धरली, वाकले आणि मागं मागं सरत ओळ धरली. हात आपोआप चालला. बांधाला टेकले तेव्हा त्या मुलीनं तोंडावर हात घेतला होता.

आणि तिच्यामागे आप्पा उभे होते. अख्ख्या बससकट.

“आक्का,” त्यांनी सावकाश विचारलं, “विजापुरात जोंधळा पिकतोय. भात कवापास्नं लावाय लागलं?”

मी वाकून आणखी एक रोप रोवलं.

“खानापूर! हात बगूनच कळालं. कुनाच्या तुमी?”

दुसऱ्या प्रश्नाला गुंजी निघालं, तिसऱ्याला आप्पांचे साडू पिरनवाडीचे निघाले आणि लगेच व्हिडिओवर अण्णा आला. तोही गुडघाभर चिखलात, पावसासाठी डोक्यावर पोतं.

“अगं!” तो ओरडला. “हितं बायका मिळंनात म्हणून आमी बोंबलाय लागलोय, आनि तू पैसे दिऊन परक्याचं रान लावालीस?”

बस खदखदली. मीही हसले असते, पण अण्णा पुढे म्हणाला, “आप्पा, एकटीच हाय. जरा सांभाळा तिला.”

“आजपास्नं आमच्याबरोबर!” आप्पांनी छातीवर हात ठेवला.

सगळं संपलं. बसमध्ये मला खिडकीची जागा दिली, आमटी-भात वाढला, तीनदा ‘लाजू नगा’ म्हणाले. माणसं सोन्यासारखी. मला मात्र रडू येत होतं. मी आमटी ओरपली आणि डोळ्यांतलं पाणी तिच्या तिखटावर ढकललं.

हनोईत परतल्यावर बायका रेशीम घ्यायला गेल्या आणि आप्पा मला म्हणाले, “चला आक्का, हितली तंबाकू बगू.” कोपऱ्यावर म्हातारे बांबूच्या लांब नळकांड्यातून थुओक लाओ (तिथली कडक तंबाखू) ओढत होते. एकानं खुणेनं बजावलं, हळू. आप्पा म्हणाले, “निप्पाणीच्या मानसाला शिकवतंय!” आणि छातीभर दम मारला.

मग आप्पा पांढरे पडले. मग हिरवे. मग त्या बुटक्या स्टुलावरून अलगद फुटपाथवर आडवे झाले. म्हाताऱ्यांना याची सवय असावी, त्यांनी पाय आवरून घेतले. मी आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, उसाचा रस पाजला आणि दंड धरून त्यांना स्कूटरींच्या लोंढ्यातून हॉटेलवर आणलं. अर्ध्या रस्त्यात त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

जिन्यात ते कळवळून म्हणाले, “आक्का, मला तंबाकू लागली ह्ये निप्पाणीत कळालं तर दुकानात बसाय तोंड न्हाय. कुनाला सांगू नगा.”

“न्हाय सांगत,” मी म्हणाले. “पण अण्णाला फोन करा. कुणी कुणाला सांभाळलं तेवढंच खरं सांगायचं.”

माझ्यासमोर त्यांनी फोन लावला. “पावणं, तुमची भन कुनाच्या सांभाळन्यातली न्हवं. उलट तिनंच आमाला सांभाळलं. कसं ते इचारू नगा.” उरलेले दिवस मी एकटी फिरले. मी शब्द पाळला आहे. आप्पांचं नाव इथे लिहिलेलं नाही, आणि निपाणीत तंबाखूचे व्यापारी पुष्कळ.

बेळगावला उतरले तर अण्णा मोटारसायकल घेऊन आलेला. घरी न नेता त्यानं मला थेट शेतावर नेलं. एक खाचर मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. “तिकडं पैसे दिऊन लावतीस, हितं फुकट लाव.” मी वाकले. शेजारच्या ओळीला तोही लागला.

अर्धी ओळ झाली. मग खाली मान घालूनच त्यानं विचारलं, “एकट्यानं तिकडं भ्या वाटतंय काय गं?”

“वाटतंय. पयल्या दिवशी तर लई.”

“मग फोनवर का न्हाय बोललीस?”

“तू परत ये म्हनाला असतास.”

“व्हय,” अण्णा म्हणाला. “म्हनालो असतो.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की देवाला जायचं असो की बाजाराला, माझा भाऊ आयुष्यात कुठे एकटा गेलेलाच नाही. सगळ्यांना सांभाळून न्यायचं खातं त्याच्याकडे. मला त्याची अशी माया आली की हातातली जुडी पाण्यात सुटली.

ओळ बांधाला टेकल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “पासपोर्ट काढाय कुठं जाय लागतंय?”

मी त्याला सगळं नीट सांगितलं. बरोबर येते, असं मात्र म्हणाले नाही.