कपाळाला लावलेली चकती

मुलांनो,

गेल्या महिन्यात मामाआजोबा गेले, तेव्हा तुमच्यातला थोरला फोनवर म्हणाला, "आजी, ही वॉज अ कन्सल्टंट, राइट? सारखे ट्रॅव्हल करायचे." मी "हो" म्हणून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी माझ्या भावजयीचा फोन आला. म्हणाली, "ताई, मुलांना खरं काय ते सांगा. ते खोटं मला आता पेलवत नाही." म्हणून हे लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण माझा भाऊ आणि मी मराठीतच बोलायचो, आणि हे त्याचं बोलणं आहे. कुठे अडलं तर आईला विचारा.

२००४ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला त्यांच्याकडे राहायला गेले. भावजय एका औषधांच्या कंपनीत नोकरी करायची. तिच्या नोकरीवर दोघांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता, आणि घरात प्रत्येक गोष्ट त्या अर्जाभोवती फिरायची. साधं सिग्नल तोडल्याचं चलान मिळालं तरी ती दोन दिवस अस्वस्थ असायची. भाऊ सोमवारी पहाटे चाकांची बॅग ओढत निघायचा आणि गुरुवारी रात्री परतायचा. त्या गल्लीत असे कितीतरी जण होते, त्यामुळे कोणालाच नवल वाटायचं नाही. भावजय दर सोमवारी त्याच्या बॅगेत चकल्यांचा डबा ठेवायची. "प्रोजेक्टवरच्या लोकांना द्या. बाहेरचं खाऊन कंटाळले असतील बिचारे."

घरी असला की तो कॅरम बोर्ड काढायचा, पण खेळायचा नाही. सोंगट्यांची चळत रचायचा आणि टीव्हीकडे बघत बघत ती उचलून दुसरी ठेवायचा. मला पसारा आवडत नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, खेळ तरी, नाहीतर आवरून ठेव."

"बोटं मोकळी करतोय, ताई. दिवसभर कीबोर्ड."

ऑगस्टमध्ये भावजय तिच्या आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेली. मी घरात एकटी पडेन म्हणून भाऊ मला म्हणाला, "चल, तुला समुद्र दाखवतो. अटलांटिक सिटीत माझं एक काम आहे, तासाभरात उरकेल." आम्ही गेलो. समुद्राला लागून लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे, त्यावरून फिरलो. मग एका कसिनोच्या कॉफीच्या दुकानात मला बसवून तो गेला. "इथेच बस. आत गोंगाट फार असतो."

तास उलटून गेला. मला स्वच्छतागृहात जायचं होतं, आणि तिथे कुठेही जायचं तर जुगाराच्या टेबलांमधूनच जावं लागतं. एका टेबलाशी माणसं जमली होती. मधे फिरणारं चाक, त्यात पांढरा चेंडू, आणि हिरव्या कापडावरच्या आकड्यांवर लोकांनी रंगीत चकत्या लावलेल्या. तिथे पैशांऐवजी याच चकत्या चालतात. एक माणूस झिंगल्यासारखा हसत, मोठमोठ्याने भलत्याच धाटणीचं इंग्रजी बोलत होता. अंगात रेशमी कोट. कोणाला तरी सांगत होता, "इन ब्राझील, माय फ्रेंड, वुई प्ले लाइक मेन!"

तो माझा भाऊ होता. चहासुद्धा फिका पिणारा माझा भाऊ.

मी साडीचा पदर धरून तिथेच उभी राहिले. तेवढ्यात त्याच्या हातातली एक चकती निसटून खाली पडली आणि ती शोधताना त्याचा बूट तिला लागला. तो वाकला, चकती उचलली आणि कपाळाला लावली. अगदी सहज. लहानपणी वहीला, नाण्याला पाय लागला की आई आम्हाला लावायला सांगायची, तशी.

टेबल चालवणारी बाई आपल्याकडचीच होती, गुजरातकडची असावी. नाकात चमकी. तिचा हात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मागे उभ्या असलेल्या साहेबाला हळूच काही सांगितलं. थोड्याच वेळात दोन माणसं आली. "सर, वुड यू कम विथ अस, प्लीज?" त्याच्या शेजारी उभा असलेला एक उंच गोरा माणूस त्याच्याकडे न पाहता निघून गेला. खांबाशी उभी असलेली एक बाईही गेली. मला वाटलं, गर्दी पांगली.

भाऊ बाहेर आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"पोलीस?" मी विचारलं.

"बोलावले नाहीत. आज अजून काही केलं नव्हतं. फोटो काढला, पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणाले."

मग त्याने सगळं सांगितलं. २००१ मध्ये त्याची नोकरी गेली. घरी सांगवेना, म्हणून तो दिवस काढायला या गावी येऊन बसायचा. एकदा त्याला दिसलं की आकडा लागल्यावर, टेबलवाली दुसरीकडे बघत असताना, एक माणूस लावलेली चळत उचलून दुसरी ठेवतो. वरून तशीच, पण तळाशी मोठ्या किमतीची चकती. भाऊ त्याला बाहेर गाठून म्हणाला, "चळत बदलताना तुमचं मनगट दिसतं." त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. बहुतेक वेळा तो उंच गोरा माणूस चळत बदलून सटकायचा, खांबाशी दिसलेली ती बाई पहारा करायची, आणि भाऊ ती पैज आपली म्हणून आरडाओरडा करून पैसे मागायचा. एकमेकांची खरी नावं ते विचारत नसत. मोटेलच्या खोलीतून टीव्हीचा आवाज बंद करून तो रोज घरी फोन करायचा आणि नसलेल्या ऑफिसातल्या नसलेल्या साहेबाला शिव्या द्यायचा.

"पण त्या बाईला कळलं कसं?"

"आत त्यांनी मला कॅमेऱ्यातली दोन चित्रं दाखवली, ताई. एक आजचं. एक वसंतातलं, तेव्हा मी दाढीवाला डॉक्टर होतो, त्रिनिदादचा. दोन्हींत चकती कपाळाला, आणि दोन्ही वेळा टेबलावर तीच बाई." त्याने किल्ली फिरवली. "दाढी काढली, चाल बदलली, भाषा बदलली. हे मी करतो, हेच मला माहीत नव्हतं."

घर जवळ आल्यावर तो म्हणाला, "तिला सांगू नकोस. ग्रीन कार्ड गेलं असतं हे तिला कळलं तर ती मला घरात ठेवणार नाही."

"मी नाही सांगणार. तू सांग. ती आल्यावर, मी इथे असताना."

भावजय परतली त्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होते. मग तिने एवढंच विचारलं, "माझ्या चकल्या कोणी खाल्ल्या?"

"त्या दोघांनीच. त्यांना फार आवडायच्या."

ती तेव्हा रडली. घर सोडून जा असं ती म्हणाली नाही, पण त्या दिवाळीला तिने चकल्या केल्या नाहीत आणि पुढची दोन वर्षंही नाही. तो आसपासच्या मुलांना गणित शिकवू लागला, मग एका लहानशा कंपनीत टेस्टिंगची नोकरी मिळाली. रोज घरी जेवायला येई. २००७ मध्ये मी पुन्हा गेले, तेव्हा एका रविवारी तिने स्वतःच माळ्यावरून कॅरम काढला, पावडर टाकली आणि म्हणाली, "खेळायचं तर खेळा. पण दोन्ही हात मला दिसले पाहिजेत." तो हसला नाही. त्याने दोन्ही हात बोर्डाच्या कडेवर ठेवले आणि आपली पाळी येईपर्यंत तिथेच ठेवले.

त्या दिवाळीला चकल्या झाल्या. ग्रीन कार्डही पुढे आलं.

तो बोर्ड अजून पिस्कॅटवेच्या घरात आहे. सोंगट्या सगळ्या आहेत.