अंगठ्याखालची दोन बटणं

आमच्या नोंदणी केंद्रात किस्से शोधावे लागत नाहीत. दिवसभर लोक येतात, कॉम्प्युटर अडतो, साहेब चिडतात, आणि संध्याकाळी कुलूप लावताना पाहावं तर एखादा किस्सा टेबलावर तयार पडलेला असतो. मी कटरे. दवनीवाड्याच्या रस्त्यावरच्या ह्या केंद्रात नऊ वर्षांपासून ऑपरेटर आहे, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर. पण यंदाचे सगळे किस्से एकाच वस्तूचे आहेत, आणि ती वस्तू मुठीत मावते.

आम्ही धान विकणाऱ्या शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी करतो. नोंदणी नाही तर खरेदी केंद्रावर धान घेत नाहीत, एवढं समजलं तरी पुरे. ऑपरेटर आम्ही तिघं: मी, पटले भाऊ आणि बिसेन मॅडम. मी आणि पटले जुने, आम्हाला कोणी हलवत नाही. मॅडम अकरा महिन्यांच्या करारावर. दिवाळीला करार संपतो आणि गोंदियाचं ऑफिस ठरवतं, ठेवायचं की नाही. ठरवण्याचं माप एकच, ज्याच्या नावावर अर्धवट सुटलेले अर्ज जास्त, तो घरी!

आता माऊसकडे वळू.

*

दसऱ्याच्या आधी गोंदियाहून खोका आला. आमचे केंद्रप्रमुख टेंभरे साहेब यांनी तो स्वतःच्या हातांनी फोडला. आत नवे माऊस. काळे, चकचकीत, पोटाखाली लाल-हिरवा दिवा लुकलुकणारे. आणि डाव्या बाजूला, अंगठा टेकतो नेमकी तिथं, दोन जादा बटणं.

ही कशासाठी, असं मॅडमनी विचारलं. साहेबांनी माऊस उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं की ही प्रगत सुविधा आहे. कसली, ते त्यांना माहीत नव्हतं, पण प्रगत असल्याबद्दल त्यांची खात्री होती.

सुविधा पहिल्यांदा पटले भाऊंना मिळाली. आमचा अर्ज सात पानांचा. सातवं पान संपेपर्यंत काही जतन होत नाही. आणि त्या बाजूच्या बटणाला नुसता धक्का लागला की पान मागं जातं, सगळं कोरं होतं, आणि ऑपरेटरच्या नावावर एक अर्धवट अर्ज चढतो.

त्यात पटले भाऊंचा अंगठा! हा माणूस वीस वर्षांपासून खर्रा घोटतो आहे. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू घेऊन तळहातावर अंगठ्यानं रगडत बसायचं, हा त्यांचा मुख्य व्यवसाय, नोकरी नंतरची. हातात काही नसलं तरी अंगठा आपला चालूच. तो अंगठा माऊसच्या कडेला लागला आणि पान मागं, पुढं, मागं, पुढं. समोर बसलेला शेतकरी स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हे काऊन झोके खाऊन राहिलं?"

पटले भाऊंनी नेट स्लो असल्याचं सांगितलं.

*

मग गोंदियाच्या इंजिनियरला फोन लावला. मी लावला, कारण हिंदी माझी बरी. बाजूची बटणं बंद करता येतील का, असं विचारलं. तो म्हणाला, करता येतील, एक सॉफ्टवेअर टाकायचं, दोन मिनिटांचं काम आहे. मग टाका, म्हटलं. तो म्हणाला, टाकायला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड वरच्या ऑफिसात असतो. मग वरच्या ऑफिसला मागा. तर म्हणे, मागणी तुमच्याकडूनच यायला हवी, पोर्टलवर अर्ज भरा.

तो अर्ज मी भरला. चार पानांचा होता. तिसऱ्या पानावर माझाच अंगठा लागला.

पुन्हा फोन केला तर इंजिनियरनं अगदी मनापासून सल्ला दिला. "भैय्या, एक काम कीजिए. अंगूठा मत लगाइए."

पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकून माणूस जिथं पोचतो ते हे ठिकाण.

*

पटले भाऊंचा मार्ग सरळ होता. त्यांनी घरून पेचकस आणला आणि बटणं उपटायला बसले. एक निम्मं वर आलं होतं तेवढ्यात टेंभरे साहेब आत आले.

साहेबांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. त्यांनी कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि आमच्यासमोर उघडलं. नोंद त्यांच्याच सुवाच्य अक्षरात होती: माऊस, काळे, प्रत्येकी बटणे पाच. चाक धरून.

"तपासणीला कोणी आलं आणि तीनच भरली, तर दोन मी कुठून आणू?" साहेबांनी विचारलं.

पटले भाऊंनी बटण परत दाबून बसवलं. त्या दिवसापासून ते आधीपेक्षा हलकं लागायला लागलं, नुसत्या वाऱ्यानंही पान मागं जाईल असं.

*

दसऱ्याला केंद्रात यंत्रपूजा असते. कॉम्प्युटर, प्रिंटर, माऊस, सगळ्यांना हळद-कुंकू, वर अक्षता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी काम सुरू केलं आणि दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आज एकही पान मागं गेलं नाही. त्यांनी माऊस उजेडात धरून पाहिला. बटणाच्या फटीत अक्षतेचा एक दाणा अडकून बसला होता. बटण दाबलंच जात नव्हतं!

मॅडम एरवी कमी बोलतात. त्या दिवशी त्या खुर्चीतून उठून म्हणाल्या, "कटरे भाऊ, देव हाये जी!"

झालं. सगळ्या माऊसना तांदूळ भरायचं ठरलं. आणि धानाच्या मुलखात तांदूळ भरायचा म्हणजे साधी गोष्ट नाही, कारण इथं प्रत्येकाला त्यातलं कळतं. पटले भाऊ म्हणाले, बारीक वाण घाला, सैल बसतो पण सहज निघतो. मी म्हटलं, जाडाच घ्या, पक्का बसेल. रांगेतले शेतकरी रांग सोडून टेबलाभोवती आले. एकानं उकड्या तांदळाची शिफारस केली, तो चिरडत नाही म्हणून. दुसऱ्यानं खिशातून चिमूटभर नमुना काढून दिला. अर्धा तास नोंदणी बंद होती, पण एकानंही तक्रार केली नाही. शेवटी उकडा जिंकला.

पुढचे आठ दिवस आमच्या केंद्रातून एकही अर्ज अर्धवट सुटला नाही. मॅडमचा चेहरा उजळला होता. नोकरी राहिली तर मुलीला नर्सिंगला घालायचं, असं त्या पहिल्यांदाच आमच्यापाशी बोलल्या.

*

आता शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं की नाही? टेंभरे साहेबांनी गोंदियाला पत्र पाठवलं. आपल्या केंद्राचा उपक्रम म्हणून! 'स्थानिक साधनांच्या वापरातून तांत्रिक अडचणीचे निराकरण' असा विषय, खाली फोटो, फोटोत साहेब माऊसमध्ये दाणा घालताना.

उत्तर इतक्या लवकर आलं की मला आधी आनंदच झाला. त्यात तीन मुद्दे होते. एक, सरकारी उपकरणात धान्य कोणाच्या परवानगीनं घातलं? दोन, सदर धान्य केंद्रातील आहे की खाजगी, याचा खुलासा करावा. तीन, धान्य तात्काळ काढून तसा अहवाल पाठवावा.

बटणांबद्दल एक ओळ नव्हती.

साहेब समोर उभे राहिले आणि मॅडमनी टाचणीनं स्वतःच्या माऊसमधले दाणे काढले. खरं सांगतो, त्या वेळी हसू आलं नाही. साहेबांनी ते दाणे पाकिटात घालून अहवालाला जोडले. पाकिटावर लिहिलं, 'उकडा'.

*

मग पुन्हा मागं जाणं सुरू. त्यातही सगळ्यात मोठी रांग मॅडमपुढे, कारण त्या कोणावर खेकसत नाहीत. रांग मोठी म्हणून अर्ज जास्त, अर्ज जास्त म्हणून अर्धवटही जास्त. गोंदियाच्या यादीत फक्त अर्धवट मोजतात, पूर्ण झालेले कोणी मोजत नाही. मॅडमचं नाव यादीत सगळ्यात वर गेलं. माझं आणि पटले भाऊंचं खाली, आणि आम्ही दोघं त्या यादीकडे पाहून खाली मान घालायचो. पटले भाऊंच्या खर्र्यामुळे त्यांची रांगच छोटी होती, हे कुठल्या यादीत लिहिणार!

मॅडमनी एक दिवस जुन्या ओढणीची पट्टी फाडून आणली आणि उजव्या हाताचा अंगठा तळव्याशी बांधून टाकला. उरलेल्या चार बोटांनी माऊस धरायला शिकल्या. आठवडाभर बोटं दुखली, पण जमलं. रांगेतल्या बाया विचारायच्या, काय लागलं मॅडम? टेंभरे साहेबांनी सल्ला दिला, हळद लावा.

पण यादी जुन्या आकड्यांवर निघून गेली होती.

*

नोंदणी संपायला दोन दिवस उरले असताना गोंदियाचे साहेब आले. चार बोटांत तीन अंगठ्या, हातात घडी घातलेला कागद. ती मॅडमसाठी नोटीस होती, करार वाढवणार नसल्याची. त्यांनी ती कीबोर्डशेजारी ठेवली आणि म्हणाले, समोरचं काम आटोपा, मग सही करा.

मॅडमनी बटणांचं सांगून पाहिलं. मीही मध्ये बोललो. साहेब हसले. नाचता येईना त्याला अंगणाचं निमित्त, अशा अर्थाचं काहीसं इंग्रजीत बोलले. "उठा. मी दाखवतो."

समोर सुकवंताबाई बसली होती. सत्तरीची, एकटी, दोन एकराची धनीण. चौथ्यांदा आली होती. धान अंगणात ताडपत्रीखाली पडून होतं, आणि आभाळ भरून येत होतं. साहेब खुर्चीत बसले, माऊस अख्ख्या मुठीत धरला आणि आजीला नाव विचारलं.

चौथ्या पानावर अर्ज कोरा झाला. साहेबांनी पुन्हा नाव विचारलं. दुसऱ्या वेळी सहाव्या पानापर्यंत पोचले. तिसऱ्यांदा नाव विचारलं तेव्हा आजीनं सांगितलं नाही. तिनं बाजूला उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं.

"बाई, हा नवा लागला का तुह्या हाताखाली?"

मॅडम कशाबशा म्हणाल्या, "आजी, गोंदियाचे साहेब आहेत ते."

"असन जी," आजी म्हणाली आणि साहेबांकडे वळली. आवाजात राग नव्हता, समजावणीच होती. "शिकाले हरकत नाई बापू. पन माह्यावर कायले शिकून राहिला? माहा चौथा चक्कर हाये. दुसऱ्या कोनावर शीक. हिले बसू दे, हिले येते."

टेंभरे साहेब पंख्याकडे पाहू लागले. पटले भाऊंचा अंगठा थांबला, वीस वर्षांत पहिल्यांदा. गोंदियाचे साहेब सर्व्हरबद्दल काहीतरी पुटपुटले, पण खुर्चीतून उठले.

मॅडम बसल्या. पट्टीनं अंगठा पुन्हा बांधला. एकामागून एक सात पानं गेली, आजीचा फोटो निघाला, प्रिंटरमधून पावती आली. साहेब पूर्ण वेळ मॅडमच्या मागं उभे होते आणि त्या बांधलेल्या हाताकडे पाहत होते.

आजीनं पावती दोन्ही हातांनी घेतली. पिशवी उघडली तर आत ओली मुळ्याची भाजी. पावती भिजेल म्हणून तिनं टेबलावर नजर फिरवली आणि कीबोर्डशेजारचा तो नवा करकरीत घडीचा कागद उचलला.

"हा कागद कामाचा हाये का जी?"

मॅडमचे हात कीबोर्डवर तसेच होते.

गोंदियाच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"नाही," ते म्हणाले. "न्या तुम्ही."

सुकवंताबाईनं पावती त्यात नीट गुंडाळली, भाजीच्या वर ठेवली आणि बस चुकेल म्हणून घाईनं निघाली.